पाठीवरची थाप

नवे खेळाडू मला पहिला प्रश्न हाच विचारतात, "भामाक्का, पहिला गुण कशात टाकू?" 'कक्षा' या खेळात येऊन तासही झालेला नसतो, यानाचं दार कुठं आहे ते ठाऊक नसतं, पण गुण कुठं टाकायचा याची घाई! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी सगळ्यांना एकच उत्तर देते आणि ते ऐकून निम्मे जण मला वेड्यात काढतात. काढू देत. ते उत्तर का देते हे एकदा सगळं सांगून टाकते, म्हणजे रोजची कटकट मिटेल.

त्या दिवशी आम्ही शनीच्या कड्यांजवळ एका लुटारू यानाला आकडे टाकून चिकटलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ इंद्रजित. दार कापून झालं होतं आणि पलीकडे शत्रूची टोळी दबा धरून बसली होती. इंद्रा दारात होता, मी त्याच्या मागे. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो सुटला.

पहिल्याच्या शिरस्त्राणाची काच इंद्राच्या कोपराने फुटली. तो माणूस श्वासासाठी तोंड उघडतो न उघडतो तोच इंद्राने त्याला उचलून दुसऱ्यावर फेकलं. दुसऱ्याचा गुडघा उलट्या बाजूला वळला. तिसऱ्याने सुरा काढला, तो त्याच्याच गळ्यात गेला. गुरुत्व नसलं की रक्त खाली पडत नाही, गोळे होऊन तरंगत राहतं. ते गोळे हाताने बाजूला सारत मी आत गेले, तेव्हा मारण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. इंद्रा शेवटच्या माणसाची मान काखेत धरून उभा होता आणि हसत होता. मीही हसले. खेळच होता तो.

ज्यांना पट्टा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 'कक्षा' खेळताना कपाळाला पट्टा बांधून खुर्चीत पडून राहायचं. तुम्ही मनात हात उचललात की मेंदूतून निघालेला हुकूम पट्टा वाचतो आणि खेळातलं पात्र हात उचलतं. खुर्चीतलं शरीर हलू नये म्हणून तोच हुकूम पुढे अगदी बारीक करून सोडला जातो. पण सोडला जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी पट्टा त्या मज्जातंतूला एक हलका झटका देतो. हुकूम आणि झटका एकाच वेळी पोचले की दोघांमधला सांधा घट्ट होतो. मुळात ही युक्ती अर्धांगवायूच्या रुग्णांचे हात परत चालावेत म्हणून निघाली. खेळवाल्यांनी ती उचलली. पात्र एक पायरी चढलं की तुमच्या नसाही थोडं शिकतात. विमान चालवणाऱ्या पात्रांच्या मालकांची खरी गाडी सफाईने वळू लागली, यंत्र दुरुस्त करणाऱ्यांची बोटं चपळ झाली. लोक खूश होते. घरबसल्या कौशल्य, कुणाला नको?

दर पायरीला एक गुण मिळतो. बहुतेक जण तो 'झडप'मध्ये टाकतात, कारण झडप वाढली की विचार करायच्या आधी फटका निघतो आणि एकदा निघाला की सगळे फटके ओळीने होईतोवर थांबत नाही. तिला एक खटका ठरवून द्यावा लागतो. जगभरचे खेळाडू शिरस्त्राणातला लाल दिवा निवडतात. इंद्राने पाठीवरची थाप निवडली.

याचं कारण आमचं घर. आमचे वडील, आण्णा, म्हणजे कोल्हापुरातले बळवंत वस्ताद. तालमीतल्या मातीच्या हौद्यात पैलवान सोडताना ते मागून त्याच्या पाठीवर थाप मारतात. ती बसली की पैलवान सुटतो, विचार मागाहून येतो. इंद्रा दूध पिता पिता ती थाप खात मोठा झाला. लाल दिव्यावर उडी मारायला इतरांना जे शिकावं लागायचं, ते याचं शरीर आधीच शिकून आलेलं होतं. कल्पना त्याची एकट्याची, पण मला ती भारी आवडली होती, हे खोटं कशाला बोलू. जगातल्या पहिल्या काही चढाईवीरांत त्याचं नाव गेलं.

झडपेच्या शेजारी 'आवर' नावाचं एक कौशल्य आहे. चालू असलेली हालचाल मध्येच थांबवता येते, एवढाच त्याचा उपयोग. त्याला सगळे कचरा म्हणतात. लढाईत मध्येच थांबायचंय कुणाला? इंद्राचा 'आवर' शून्य होता.

शनीची ती मोहीम जिंकली त्या रविवारी इंद्राच्या घरी मटणाचा बेत होता. तो शिरोलीला लेथवर काम करतो. हातात कसब आहे, केसाएवढा फरक बोटाने ओळखतो. त्याची बायको तेजस्विनी पांढरा रस्सा वाढत होती. मी आणि आण्णा पाटावर बसलो होतो, इंद्रा मोरीपाशी हात धूत होता. तेजस्विनीला त्याचं जिंकणं आत्ताच माझ्याकडून कळलं होतं. ती हातातली पळी ठेवून उठली, मागून गेली आणि "शाब्बास की ओ!" म्हणत तिने त्याच्या पाठीवर थाप मारली.

कोपर तिच्या जबड्यात बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला पाटावर ऐकू आला. ती कोसळायच्या आत त्याने तिचा दंड धरून पिरगाळला आणि गुडघा तिच्या पोटात घातला. पहिला फटका त्याने न बघता मारला. पण दुसरा आणि तिसरा मारताना तो तिच्याकडे बघत होता. ती कोण आहे ते त्याला कळलं होतं, तोंडाने तो "न्हाई, न्हाई" ओरडत होता आणि त्याचे हातपाय पुढचं काम करत होते. आण्णांनी त्याला मिठी मारून खाली पाडलं तेव्हा ते संपलं. मोरीच्या फरशीवर तेजस्विनीचे दोन दात पडले होते.

मी माझ्या भावाला तोपर्यंत कधी घाबरले नव्हते. त्या दुपारी घाबरले.

पुढच्याच आठवड्यात कारखान्याच्या फाटकावर जुना दोस्त मागून येऊन पाठीवर थाप मारत "काय पैलवान" म्हणाला आणि इस्पितळात गेला. मग इंद्रा भिंतीला पाठ लावून बसू लागला. चहाच्या टपरीवर, बसमध्ये, स्वतःच्या घरात. पट्टा त्याने मोडून टाकला होता, पण सायकल विकली म्हणून सायकल चालवणं विसरतं होय? तेजस्विनी माहेरी न जाता आमच्याकडे राहायला आली. जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे बोलता येत नव्हतं. तिने मला पाटीवर लिहून दाखवलं, 'वन्सं, मी त्यांना सोडणार न्हाई. पण त्यांच्या मागं उभी राहायची भीती वाटती.'

असं घर किती दिवस चालणार?

डॉक्टर नसीमा मुजावर अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी हेच पट्टे वापरतात. इंद्रा त्यांच्यासमोर भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "माझं दोन्ही हात बंद करा. खांद्यातनं नस कापा."

"कापता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण परत जोडता येणार नाही. लेथ विसरायचं, घास भरवायलाही माणूस लागेल."

"चालंल. पण हे हात मला नको हाईत."

"त्याला आत्ता 'आवर' शिकवता येणार नाही का?" मी विचारलं.

"नाही. पाया आधी घालतात, भिंत मागाहून. झडप आधी पक्की झाली, आता वरून शिकवलेला आवर तिच्यापर्यंत पोचत नाही. एकच वाट आहे. मेंदू जिंकलेली सवय कधी विसरत नाही, फसलेली विसरतो. झडप चालू असताना, पट्टा बांधलेला असताना हा हरला पाहिजे. एकदा नाही, पुन्हापुन्हा. प्रत्येक हारीला तो सांधा थोडा सैल होईल. आणि खेळात नाही, खऱ्या अंगाने."

"मग हरवूया की," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाल्या, "कोण हरवणार? त्या खेळात जगभरच्या हजारो मल्लांच्या हालचाली भरल्यात. प्रत्येक डावाचं उत्तर याच्या अंगात आहे."

मी बळवंत वस्तादांची पोरगी, जिल्ह्यात कुस्त्या मारलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हौद्यात उतरले, डॉक्टरांचे पट्टे इंद्राच्या आणि माझ्या कपाळाला बांधले आणि मागून थाप मारली. मला एवढंच आठवतं, की मी त्याचे पाय धरून पट काढायला वाकले आणि माती वर आली. शुद्धीवर आले तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं भलतीकडेच बघत होती आणि इंद्रा कोपऱ्यात तोंड झाकून रडत होता.

"नस कापायची तारीख घ्या," तो म्हणाला.

आण्णा हौद्याच्या कठड्यावर बसले होते. आता त्यांनी सदरा काढला. सत्तरीला टेकलेलं अंग, पण खांदे अजून दारात मावत नव्हते.

वस्ताद शिष्याला सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, ही आमच्याकडची रीत. शिष्य उलटला तर असावा म्हणून. आण्णांनी तो कुणालाच दिला नव्हता. गदा जिंकून आलेल्या पैलवानांना नाही, इंद्राला नाही, मला तर नाहीच. लहानपणी मी हट्ट करायचे तेव्हा म्हणायचे, "मरताना सांगतो जा."

हौद्याशेजारी यंत्र मांडून बसलेल्या डॉक्टरांनी त्यांना आधीच बजावलं. आण्णांनाही पट्टा बांधावा लागणार होता, कारण हार नेमकी कुठल्या क्षणी झाली ते दोघांच्या हालचाली जुळवल्याशिवाय कळत नाही. आणि खटक्याची किल्ली खेळवाल्यांकडे असल्यामुळे पट्टे त्यांच्या यंत्रणेला जोडलेले राहणार. "वस्ताद, तुम्ही इथं जे कराल ते सगळं त्यांच्याकडे जाईल. उद्या जगातलं कुठलंही पोर तुमचा डाव करेल."

"करू दे," आण्णा म्हणाले. "डाव मोठा का ल्योक? बांधा तो पट्टा. भामे, जरा सैल कर गं, डोकं आवळालंय."

त्यांनी मूठभर माती उचलून कपाळाला लावली, थोडी इंद्राच्या खांद्यावर टाकली. मग मागून थाप मारली.

इंद्रा फिरला. आण्णा कोपराखालून निसटले, पण गुडघा तोंडावर आला आणि नाकातून रक्ताची धार लागली. ते उठले. "पाठ फिरव." थाप. या वेळी त्यांनी ढाकेचा डाव मारून बघितला. इंद्राने हवेतल्या हवेत उत्तर दिलं आणि आण्णा खांद्यावर आपटले. हौद्यातली माती लालच असते, तरी रक्त वेगळं दिसत होतं.

"आण्णा, बास करा! मरशीला!" इंद्रा ओरडला.

"पाठ फिरव म्हणतोय न्हवं?"

थाप बसली. कोपर आलं. आणि आण्णा मागे हटायच्या ऐवजी त्या कोपराच्या आत शिरले, इंद्राची मान काखेत घेतली आणि स्वतःच मागे पडले. नीट दिसलंही नाही. पुढच्या क्षणी इंद्राची पाठ मातीत होती आणि तो डोळे फाडून छताकडे बघत होता. त्याच्या अंगात जगभरचे डाव होते, याचं उत्तर नव्हतं. त्याच वेळी त्याच्या खांद्याखालून कडाड आवाज आला. आण्णांची बरगडी होती ती.

"सैल झालं," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या. "थोडंसं. पण वस्ताद, तुमची छाती..."

"पाठ फिरव."

मला वाटलं होतं एकदा जमलं की पुढचं सोपं. तसं नव्हतं. प्रत्येक वेळी इंद्राचं कोपर खऱ्या जोराने यायचं, प्रत्येक वेळी ते आण्णांना कुठंतरी लागायचं, आणि प्रत्येक वेळी दोघंही त्याच बाजूला पडायचे, आण्णांची कूस इंद्राच्या खांद्याखाली. एकदा भुवई फाटली. एकदा दुसरी बरगडी गेली. श्वास घेताना त्यांच्या छातीत शिट्टी वाजू लागली. मी मध्ये पडायला गेले तर त्यांनी मला शिवी हासडली. आयुष्यात पहिल्यांदा. इंद्रा रडत रडत पाठ फिरवत होता, त्याची पाठ आण्णांच्या रक्ताच्या पंजांनी भरली होती, आणि डॉक्टर दर खेपेला फक्त "सैल होतंय" एवढंच म्हणत होत्या.

मग एका थापेला कोपर निघालं, अर्ध्यावर आलं आणि लटपटलं. त्यानंतरच्या थापेला इंद्राचा खांदा फक्त उडाला. आण्णा थाप मारूनच गुडघ्यावर बसले होते. या वेळी त्यांच्यात उठायची ताकद नव्हती, आणि इंद्राने मारलं असतं तर ते तिथंच संपले असते. त्याने मारलं नाही.

तेवढ्यात तेजस्विनी आत आली. दाराआडून ती सगळं बघत होती, आम्हाला पत्ताच नव्हता. तारेने बांधलेला जबडा, गळ्यात अडकवलेला हात. मी "तेजू, नको" म्हणाले, तिने ऐकलं नाही. ती हौद्यात उतरली, नवऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि चांगल्या हाताने त्याच्या पाठीवर एक सणसणीत थाप ठेवून दिली. सगळ्या दिवसांची भीती आणि राग त्या थापेत होता.

कोपर वळलं. तिच्या कानापर्यंत आलं. आणि तिथं थांबलं. इंद्राच्या हाताची शीर न शीर ताठली होती, घाम टपकत होता. हळूहळू हात खाली गेला. तो वळून तिच्याकडे बघायला लागला तसा तिने त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याच्या छातीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मीही रडले. कुस्तीगीर बायका रडत नाहीत असं कोण म्हणतं!

आण्णांच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि एका फुप्फुसाला छेद गेला होता. ते वाचले, पण हौद्यात पुन्हा उतरले नाहीत. इंद्रा लेथवर जातो. भिंतीला पाठ लावून बसायची सवय मात्र अजून गेलेली नाही.

डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. खेळवाल्यांनी तो डाव 'कक्षा'त घातला आणि त्याला नाव दिलं 'वस्ताद'. महागडं कौशल्य, दहा पायऱ्या चढल्यावर मिळणारं. जगभर उड्या पडल्या. आणि महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. डाव मारला की शत्रू खाली जातो हे खरं, पण मारणाऱ्याच्याच पात्राच्या बरगड्या मोडतात. यात चूक आहे, दुरुस्त करा. खेळवाल्यांनी नोंदलेली हालचाल पुन्हापुन्हा तपासली. वस्तादांनी केली तशीच्या तशीच होती.

आण्णा खाटेवर पडल्या पडल्या माझ्या पडद्यावर बघत होते. कुठल्यातरी परदेशी पोराचं पात्र तो डाव मारत होतं. दोघंही एका बाजूला आपटले, पोराच्या पात्राच्या तोंडातून रक्ताचे गोळे निघाले.

"पाय चुकलाय," आण्णा म्हणाले.

"काय?"

"पाय. असा न्हाई टाकायचा." त्यांनी चादरीवर दोन बोटांनी दाखवलं, कुठला पाय आणि कुठं. "असा टाकला की आपल्याला काय होत न्हाई. समोरच्याची मान मोडती. जागेवर."

"म्हणजे तुम्ही... प्रत्येक वेळी? बरगडी मोडल्यावर पण?"

"पाय आपोआप तिकडंच चालला हुता. धरून ठेवला." ते खोकले आणि छाती धरून हसले. "ल्योक हुता समोर, भामे. शत्रू न्हवता."

पट्टा केलेली हालचाल वाचतो. आवरलेली हालचाल त्याला वाचता येत नाही.

तर नव्यांनो, 'वस्ताद' कौशल्यातली चूक कशी दुरुस्त करायची असं विचारणारे निरोप मला रोज येतात. ती चूक नाही. यान कसं वळवायचं, इंधन कसं वाचवायचं, कुठल्या बंदरावर जायचं नाही, काहीही विचारा, आधी सांगत होते तसं सगळं सांगेन. पहिला गुण 'आवर'मध्ये टाका, आणि दुसराही. हसणारे हसू देत. फक्त त्या पायाचं विचारू नका. तो मी राखून ठेवलाय.